कोरी पत्रिका

५ जानेवारी २००३, रविवार. संध्याकाळी सव्वासहा.

पौडच्या दुकानात बसून मी भुकूमच्या एका लग्नाच्या पत्रिकांचे शंभर-शंभरचे गठ्ठे बांधत होतो, तेव्हा मंचरहून मतीन आला.

दुकान अलाउद्दीनचाचांचे आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, सत्यनारायणाची आमंत्रणे. अकरावीत शाळा सोडून मी इथे लागलो. आधी छपाईच्या जाळीवरून शाई ओढायचो. कॉम्प्युटर आला तेव्हापासून अक्षरजुळणी माझ्याकडे आहे. माझ्या हातून एकही वेलांटी चुकीची बाहेर गेलेली नाही.

मतीन हा चाचांच्या थोरल्या भावाचा मुलगा. माझ्याहून वर्षाने लहान. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी लागली, ती कंपनी बंद पडली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवण्याआधीच तो माझ्या खुर्चीत बसला. बुटका असल्याने खुर्चीखालचा दांडा ओढून ती खालीही केली.

चाचा म्हणाले, "दया, ह्यो माझा पुतण्या. वेबसाईट बनवायला शिकलाय. मे संपस्तवर दोगं मिळून वडा. पावसाळ्यात कुटं लग्नं असत्यात? जूनपास्नं एकालाच पगार द्येणं परवडंल मला. आत्ताच सांगतोय, मागनं बोल नको."

कोणाला, ते सांगितले नाही. मतीन हसून म्हणाला, "दयाभाऊ, खुर्ची मस्त हाय तुमची."

घरी आई आणि मी. दुसरा पगार नाही. मी गठ्ठे बांधून संपवले. एका गठ्ठ्यात नव्व्याण्णव निघाल्या, पुन्हा मोजल्या.

८ जानेवारी, बुधवार.

मतीनने जुळवलेल्या पत्रिकेत 'आशीर्वाद' ऱ्हस्व होता. मी लाल पेनने गोल करून तो कागद चाचांना दिसेल असा त्यांच्या टेबलावर ठेवला. चाचांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

११ जानेवारी, शनिवार.

कोळवणचे शरदचंद्र शेडगे आले होते. त्यांची मुलगी किमया हिंजवडीला कंपनीत आहे, तिचे तिथल्याच एका मुलाशी ठरले. मुलगा अनिमेष, मूळचा अमरावतीचा. तोही बरोबर होता. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. लग्न तेवीस फेब्रुवारीला. आठशे पत्रिका.

कागद निवडून झाल्यावर अनिमेष म्हणाला, "आणि एक वेबपेज पण हवं होतं. माझी ताई अमेरिकेत युनिव्हर्सिटीत आहे. तिला सुट्टी मिळत नाहीये. ती, तिचे मिस्टर, तिकडचे सगळे लोक नेटवर पत्रिका बघतील. फोटो, कार्यक्रम, सगळं."

मी म्हणालो, "तसले काम आपण करत नाही."

माझे वाक्य संपायच्या आत मतीन म्हणाला, "करतो की!"

पंधराशे ठरले. पाचशे आगाऊ दिले. आठशे पत्रिकांची जुळणी करून चाचांना जेवढे सुटतात, त्याहून हे जास्त आहे. चाचांनी नोटा दोनदा मोजल्या आणि मतीनच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर त्यांनी कधी थाप मारली असेल, ते आठवत बसलो. आठवले नाही.

१३ जानेवारी, सोमवार.

आज मतीनने मला पान कसे लिहितात ते दाखवले. मी विचारले नव्हते. मागे उभा राहून बघत होतो, तेव्हा तो म्हणाला, "मानेवर श्वास सोडू नका दयाभाऊ, स्टूल घ्या."

मला वाटत होते की वेबसाईटसाठी मोठे सॉफ्टवेअर लागत असेल. लागत नाही. नोटपॅड पुरते. मजकुरात खुणा करायच्या, त्यांना टॅग म्हणतात. टोकदार कंसात टॅगचे नाव लिहायचे. अक्षर जिथून ठळक हवे तिथे एक टॅग, जिथे ठळकपणा संपवायचा तिथे तोच टॅग, पण नावाआधी तिरपी रेघ. पानाला डोके आणि अंग असते. डोक्यातले शीर्षक खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसते आणि अंगातले सगळे पानावर. बहुतेक टॅग जोडीने येतात. काही एकटे असतात, जसे ओळ तोडण्याचा, आडव्या रेषेचा, चित्राचा. त्यांना बंद करावे लागत नाही. एकात एक टॅग उघडले तर आत उघडलेला आधी बंद करायचा. फाईल साठवून ब्राउझरमध्ये उघडली की टॅग स्वतः दिसत नाहीत, त्यांनी केलेले काम दिसते. हे मला फार आवडले. बोललो नाही.

लगेच एक पान करून बघितले. वधूचे नाव मध्ये यावे म्हणून मी त्याच्या आधी मोकळ्या जागा सोडल्या होत्या, जुळणीत सवय आहे. ब्राउझरने त्या सगळ्यांची मिळून एकच जागा केली. वेगवेगळ्या लिहिलेल्या ओळीही एकमेकींना चिकटल्या.

"पान मोकळी जागा खातं," मतीन म्हणाला. "तुम्हाला काय पायजे ते टॅग लावून सांगा. नुसतं मोकळं सोडलं तर त्याला कसं कळणार?"

मध्ये आणण्याचा टॅग मी शाळेतल्या स्पेलिंगने लिहिला. चालला नाही. अमेरिकेत शेवटची दोन अक्षरे उलटी लिहितात म्हणे. ज्याला 'आशीर्वाद' येत नाही त्याने माझे बरोबर स्पेलिंग चूक ठरवले आणि मशीनने त्याची बाजू घेतली.

त्याची एक सवय लिहून ठेवतो. सुरुवातीचा टॅग लिहिला की आत काही लिहिण्याआधी तो शेवटचाही लिहून टाकतो. मग कर्सर मागे नेऊन मधला मजकूर भरतो. फोनवर बोलत असला तरी यात चुकत नाही. मी ओळीने लिहितो. आधी टॅग, मग मजकूर, मग बंद. त्याला हसू आले.

"आधी पोतं शिवून घ्या दयाभाऊ, मग भात भरा. तुम्ही भरत भरत शिवताय. सांडणारच की."

पोत्याचे तोंड भात भरल्यावरच शिवतात. हे मी त्याला सांगितले. तो आणखी हसला.

१६ जानेवारी, गुरुवार.

सुरैयाचाची दुपारी दोन डबे पाठवतात, एक मतीनचा, एक माझा. आज मतीनच्या डब्यात अंड्याची पोळी होती, माझ्यात वांग्याची भाजी. भावाचा मुलगा आहे, चालायचेच. मी भाजी संपवली, पण डबा न धुता परत पाठवला.

संध्याकाळी लक्षात आले की आज गुरुवार. गुरुवारी मी अंडे खात नाही, हे मीच त्यांना कधीतरी सांगितले होते. तरी एकदा विचारायला हवे होते.

२१ जानेवारी, मंगळवार.

अनिमेषच्या पानावरचा मराठी मजकूर मी करतो, असे चाचांना सांगून काम मागून घेतले. दोन दिवस बसलो. गणपतीचा श्लोक, मुहूर्त, स्थळ, सगळे आपल्या नेहमीच्या फॉन्टमध्ये टॅगसकट लिहिले. मशीनवर पान इतके देखणे दिसत होते की चाचा उठून चष्मा घेऊन आले.

इंटरनेट आपल्याकडे नाही. म्हणून पान बाहेर कसे दिसते ते बघायला मी एकटाच फ्लॉपी घेऊन एसटीने कोथरूडच्या सायबर कॅफेत गेलो. मतीनला सांगितले नाही. तिथे पान उघडले. श्लोकाच्या जागी डॉलरची चिन्हे, टक्क्याची चिन्हे, मध्येच एखादे इंग्रजी अक्षर. किमयाच्या नावाच्या जागी स्वल्पविराम आणि एक सुटा आकडा. काउंटरवरचा मुलगा वाकून म्हणाला, "काका, व्हायरस आहे का फ्लॉपीत?" मी बावीस वर्षांचा आहे.

परत आलो. कोणाला काही बोललो नाही, पण मतीनने माझा चेहरा बघून फ्लॉपी मागून घेतली.

"आपला फॉन्ट त्या मशीनवर कुठनं येणार?" तो म्हणाला. "तुम्ही जुळवलंय ते सोन्यासारखं हाय. त्याचं चित्र करून टाकू. चित्र सगळीकडं सारखंच दिसतं."

मग माझ्या जुळणीची चित्रे केली आणि त्याने ती चित्राच्या टॅगने पानावर बसवली. चाचा म्हणाले, "डोकं हाय पोराचं."

"अक्षर दयाभाऊचं हाय, चाचा," मतीन म्हणाला.

हे तो मला ऐकवण्यासाठी म्हणाला. चित्र बघून आत अक्षर कोणाचे हे कोण विचारतो?

२७ जानेवारी, सोमवार.

आज दुकानात जे झाले त्यावर अजून विश्वास बसत नाही.

पत्रिकेत निमंत्रक म्हणून कोणाचे नाव आधी, यावरून आमच्या दुकानात रक्त सांडायचेच बाकी असते. चुलता आधी की मामा आधी, सरपंच वर की चेअरमन वर. लोकांनी माझ्या हातातून मसुदे ओढून फाडले आहेत. एकदा एका आजोबांनी काठी उगारली. कोणाला कुठे बसवले की कोणी रुसत नाही हे शिकायला मला चार वर्षे लागली. शेडग्यांच्या कागदी पत्रिकेतही मी तसे बसवले होते. शरदचंद्रांचे चुलतभाऊ कुशाबा शेडगे वयाने मोठे, माजी सरपंच, म्हणून ते पहिले. शरदचंद्र वधूपिता म्हणून त्यांच्या ओळीत पण वेगळ्या टाइपात. दोघे खूश.

आज कुशाबा एकटेच आले. इंटरनेटवर वेगळी पत्रिका निघते आहे आणि तिच्यात शरदचंद्रांचे नाव वर आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मागोमाग मोटरसायकलवरून शरदचंद्र.

"लेक माजी, पैसं माजं," शरदचंद्र म्हणाले.

"आन् घराणं कुनाचं?" कुशाबा म्हणाले. "अमेरिकंत काय जगात पयलं नाव तुजं लावतूयास? मी जित्ता हाय आजून."

मी मसुदा काढला, पेन काढले. दोघांची नावे समोरासमोर दोन रकान्यांत घेता येतील असे सांगत होतो. मतीनने मध्येच तोंड घातले. "काका, पाच मिनटं बसा. चहा घ्या."

पाच मिनिटे लागलीही नाहीत. एकच टॅग, जोडीचा, आणि मध्ये सगळी नावे. पानाच्या खालच्या अंगाला नावांची पट्टी उजवीकडून डावीकडे सरकू लागली. कुशाबा, मग शरदचंद्र, मग मामा, मग भाऊबंद, मग पुन्हा कुशाबा.

कुशाबा पडद्याला नाक लावून म्हणाले, "माजं पयलं निगतंय न्हवं?"

"ह्येच्यात पयलं-शेवटचं न्हाईच काका," मतीन म्हणाला. "गोल फिरतंय. ज्यानं जवा बघितलं तवा त्याच्यासाठी ज्यो समोर, त्यो पयला."

"मंजी रहाटावानी."

"व्हय."

"आन् ह्ये थांबत न्हाई?"

"वीज जाईस्तवर न्हाई."

दोघे भाऊ शेजारी शेजारी स्टुलावर बसून चहा पीत ती पट्टी बघत राहिले. आपले नाव आले की कुशाबा शरदचंद्रांच्या गुडघ्यावर चापट मारायचे. जाताना एकाच मोटरसायकलवरून गेले.

मी पेनला टोपण लावले. मसुदा कचऱ्यात टाकला. दोघा भावांनी जाताना मतीनला शंभराची नोट दिली होती, ती त्याने चाचांच्या गल्ल्यात टाकली. तसे करून आणखी मोठेपणा मिळवला.

२ फेब्रुवारी, रविवार.

मतीन घरी आला. मी बोलावले नव्हते. आमचा रेडिओ खरखरतो असे मी कधीतरी बोललो असेन. त्याने तो उघडून, पुसून, जोडून दिला. आईने तांदळाची भाकरी आणि खरड्याची चटणी दिली. तो चार भाकऱ्या जेवला आणि तिखटाने डोळे पुसत म्हणाला, "मावशी, आमच्या मंचरला असली चटणी करत न्हाईत."

गेल्यावर आई म्हणाली, "गुणाचं लेकरू हाय. तू का तोंड पाडून बसला हुतास रं?"

मी म्हणालो, "डोके दुखत होते."

"तुजं डोकं त्यो आल्यापास्नं दुकतंय." आणि रेडिओ लावला.

१० फेब्रुवारी, सोमवार.

मतीन दुपारच्या गाडीने ईदसाठी मंचरला गेला. पान तयार आहे. जाताना फ्लॉपी माझ्या हातात दिली. "दयाभाऊ, उद्या कोथरूडला जाऊन तेवढं नेटवर चढवा. ईदनंतर चढवलं तर त्यांना उशीर व्हईल." पासवर्डही सांगून गेला. जपून ठेवा वगैरे काही म्हणाला नाही.

ते चाचा म्हणाले. "मतीनचं काम हाय दया, नीट ने."

मतीनचे काम. अक्षर माझे, चित्रे माझ्या जुळणीची, आणि मी ते नीट न्यायचे. चाचा नमाजाला गेल्यावर मी फ्लॉपी मशीनला लावली. टॅग एकदा शेवटचे बघून घेऊ म्हणून फाईल नोटपॅडमध्ये उघडली. त्याने सगळे पान एका टेबलात, म्हणजे न दिसणाऱ्या तक्त्यात, बसवले आहे. ओळी, ओळीत चौकटी, डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, म्हणून काहीच हलत नाही. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी खाली टेबल बंद करण्याचा टॅग.

तो मी काढला.

फाईल साठवली आणि ब्राउझरमध्ये उघडली. पान जसेच्या तसे. फोटो जागच्या जागी, पट्टी फिरते आहे, कुशाबांमागून शरदचंद्र. पुन्हा उघडून बघितले, तरी तसेच. भिंतीची वीट काढावी आणि भिंतीला पत्ताही लागू नये, असे झाले. इतका अपमान मला कुशाबांच्या दिवशीही वाटला नव्हता.

परत लिहायला एकच शब्द होता. लिहिला नाही. काही बिघडतच नाही, तर असला काय आणि नसला काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

कोथरूडला जाऊन पान चढवले. कॅफेतल्या मशीनवरही उत्तम दिसले. काउंटरवरचा तोच मुलगा म्हणाला, "वा, भारी झालंय. तुम्ही केलं?" मी हो म्हणालो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

ईदसाठी चाचा आणि चाचीही मंचरला गेले होते. तीन दिवस किल्ली माझ्याकडे होती. खुर्ची मी माझ्या उंचीला वर केली. भरपूर काम झाले, एकही चूक नाही. रोज शटर ओढताना वाटायचे, जूनमध्ये असेच असेल.

आज सगळे परत आले. मतीनने खुर्ची खाली केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी अकराला अनिमेष आणि शरदचंद्र आले. अनिमेषने हेल्मेटही काढले नव्हते.

"काय केलंय तुम्ही लोकांनी? ताईनं तिच्या सासूबाईंना, डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना बोलावून पान उघडलं. पांढरं! पूर्ण ब्लँक! एक अक्षर नाही."

चाचांनी मशीनवर पान उघडले. "ह्ये काय, दिसतंय की."

"इथं दिसून काय करू? तिच्या युनिव्हर्सिटीत दुसरा ब्राउझर आहे. त्यात काहीच येत नाही."

शरदचंद्र हळू आवाजात बोलले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. "चाचा, ती माज्या लेकीची नणंद हाय," ते म्हणाले. "लगीन व्हायच्या आदीच तिला चारचौघांत कोरी पत्रिका गेली. आपल्यात कोरा कागुद कवा धाडत्यात, ठावं हाय ना? सोयरीक मोडायची आसली की. तिची सासू म्हनली म्हनं, पोरीकडच्यांच्या मनात नसंल तर तसं सांगा. किमया रात्रीपास्नं जेवली न्हाई."

हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पांढरा पडदा म्हणजे कोरी पत्रिका. मी पत्रिकांच्या दुकानात काम करतो.

मतीनने फ्लॉपीवरची पानाची फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि खाली सरकवत शेवटापर्यंत नेली. तिथे थांबला. मग खुर्चीतूनच मान वळवून माझ्याकडे बघितले. मी लिफाफे मोजत होतो.

"दयाभाऊ," तो म्हणाला, "पलीकडं जाऊन चहा सांगा ना. एक बिनसाखरेचा."

बिनसाखरेचा कोण पितो, कळले नाही. मी गेलो. परत आलो तेव्हा चाचा उभे होते आणि त्यांचा हात वर होता.

"गाढवा! भावानं जमीन इकून शिकिवला तुला, ह्येच्यासाठी? लोकांच्या लेकीच्या लग्नाशी खेळतूस?"

"टेबल बंद करायचं ऱ्हायलं, चाचा," मतीन खाली बघत म्हणाला. "माझ्याकडनं."

हात खाली आला, मारला नाही. पण वर गेला होता. मला वाटले होते की असे काही झाले तर मला बरे वाटेल. मी चाचांच्या हाताकडेच बघत राहिलो. चार वर्षांत तो माझ्यावर कधी उगारला गेला नाही. मी चुकलो की चाचा "असू दे, असू दे" म्हणतात, पाहुण्याकडून कप फुटल्यावर म्हणतात तसे. असे ओरडतात ते घरच्या माणसावर.

मतीन तसाच कोथरूडला गेला आणि पान नीट करून आला. रात्री अनिमेषचा फोन आला, ताईला सगळे दिसले, तिने स्वतः किमयाला फोन करून समजूत घातली. पण उरलेले हजार तो देणार नाही. चाचांनीही मागितले नाहीत.

एक गोष्ट मात्र कळली. टॅग आपल्याकडूनच राहिला असे मतीनला खरोखर वाटते आहे. मी त्याला यापेक्षा हुशार समजत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

मतीनने पानाच्या फाईलचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला.

"तू पत्रिका कशी तपासतोस?"

"शेवटून. उलटी वाचत येतो. म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही."

"ह्येबी तसंच वाच. शेवटून. बंद केलेला दिसला की त्याचा उघडलेला शोधायचा. एक ब्राउझर माफ करतो, दुसरा न्हाई करत. कुणाकडं कुठला असंल आपल्याला ठाऊक नसतं." मग म्हणाला, "इथनं पुढं माझं सगळं तूच तपासायचं, दयानंद."

म्हणजे स्वतःचा निष्काळजीपणा झाकायचे काम माझ्या गळ्यात. पण तपासून दिले. एकही चूक नव्हती. आवाज त्याचा नेहमीसारखाच होता. दयाभाऊ मात्र दिवसभरात एकदाही म्हणाला नाही. कामात असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

काल शेडग्यांचे लग्न झाले. चाचा आणि मतीन कोळवणला जाऊन आले. मलाही बोलावणे होते, पण मी पोटाचे कारण सांगितले. चाचा म्हणाले, मांडवात कुशाबा सगळ्यांना रहाटाची गोष्ट सांगत होते.

चहा झाल्यावर चाचांनी मला बाहेरच्या बाकावर बसवले. "दया, जूनची वाट बघत न्हाई. मशीन तुज्याकडं. मतीन ह्या म्हैन्याअखेर चाललाय."

मी विचारले, "त्या टेबलाच्या टॅगवरून का?"

"त्येनंच सांगितलं. म्हनला, दयाला ठिवा, त्येचा हात पक्का हाय, आन् घरात दुसरं कोन कमावणारं न्हाई. कोथरूडला त्या कॅफेवाल्यानं बोलिवलंय त्येला. जातू म्हनतूय."

मला शिफारस लागत नाही. आमच्या घरात कोण कमावते, याची चर्चा त्याने करायची गरज नव्हती. आणि त्या कॅफेत दहा मशीन आहेत, सगळ्यांना इंटरनेट. इथे एकच, आणि वीज गेली की तेही नाही. ज्याने चूक केली त्याला दहा मशीन, आणि आपल्याला त्याने सोडलेले एक. हे आईला सांगितले तर ती मतीनचीच बाजू घेईल, म्हणून फक्त काम कायम झाले एवढेच सांगितले. तिने देवापुढे साखर ठेवली. मग म्हणाली, "मतीनला जेवाया बोलिव जायच्या आदी." मी विसरलो असे सांगेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

पगार झाला. माझा पूर्ण मिळाला. मतीनच्या पगारातून चाचांनी अनिमेषचे बुडलेले हजार कापले. घरचा आहे म्हणून सूट दिली असती तर मी बोलणार होतो. दिली नाही. मतीनने उरलेल्या नोटा न मोजता खिशात घातल्या.

चारच्या एसटीने तो गेला. जाताना मशीनचा पासवर्ड बदलून माझे नाव टाकून गेला आणि स्पेलिंग बरोबर आहे ना ते बघून घे म्हणाला. बरोबर होते. हात पुढे केला. माझ्या बोटांना शाई होती, म्हणून मी कोपर पुढे केले. त्याने ते धरून हलवले.

चाचा त्याला स्टँडवर सोडायला गेले. कामाच्या दिवशी त्यांनी दुकान असे कधी सोडले नव्हते. दोघे रस्ता ओलांडताना दिसले. चाचांनी पिशवी त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि काहीतरी रागावून सांगत चालले होते. मी खुर्ची वर केली. एक गिऱ्हाईक येऊन दर विचारून गेले. एसटी गेल्याचा आवाज आला. चाचा लगेच परतले नाहीत, अंधार पडल्यावर आले, आणि गल्ल्यापाशी बसून राहिले. मी जुळवलेली नवी पत्रिका दाखवली. त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "चांगली हाय. असू दे."

महिनाअखेरचा हिशोब.

खर्च: कोथरूडची एसटी, रु. ३२. सायबर कॅफे, रु. ४०. फ्लॉपी दोन, रु. ३०. आईच्या गुडघ्याचे तेल, रु. ६५. एकूण रु. १६७.

येणे: काही नाही.

देणे: वाणी, रु. ११०. मतीन, रु. १०००.

शेवटचा आकडा या रकान्यात यायला नको होता. पगार चाचांनी कापला, माझा त्या व्यवहाराशी संबंध नाही. पण शाईने लिहिला गेला आहे, आणि बेरीज त्याला धरूनच झाली आहे.

एकूण देणे, रु. १११०.